अण्णांची बासष्ट रेकॉर्डिंग

चाकणच्या कंपनी बसमध्ये मी आजवर कसल्या कसल्या थापा सोडलेल्या नाहीत! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वरात अडकली, लग्न तिथंच लागलं आणि गाडी हलेपर्यंत बारसंही उरकलं — हे मी शपथेवर सांगितलंय, आणि दोघांनी मानलंयसुद्धा. पण ही एक गोष्ट मात्र पोटातच ठेवली. बायकोलाही कळू दिली नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

पुनावळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. मूळचे गावातलेच, आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच वावरात. काचबिंदूनं नजर गेली तशी त्यांना घाई सुटली — वावरांची नावं, विहिरी, कुठल्या बांधावरून कुणाशी जुंपली, वारलेली बायको भातलावणीत काय बोलायची, सगळं पुस्तकात यावं. लेकीसाठी. लिहिणार कोण? अर्थात मी! दिवाळी अंकात दोन विनोदी लेख छापून आलेला माणूस. वर गॅजेटांचा बादशहा — ई-रीडर, बोललेलं टाइप करणारं ॲप, लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप, सगळं खिशात. अण्णांना माझा जुना फोन दिला. रेकॉर्डिंगच्या बटणाशेजारी काचेवर टिकली चिकटवली, बोटाला कळावी म्हणून. म्हटलं, तुम्ही नुसतं बोला. सगळं क्लाउडवर जातंय — फोन फुटला तरी शब्द फुटायचा नाही.

आठ महिने ते बोलले. आठवड्यातून दोनेक सकाळी, गॅलरीत बसून. आणि मी दर रविवारी — "लय भारी चाललंय, अण्णा!" ऐकलं किती? एक. पहिलं. तेही निम्मं. त्यांची मावळी बोली ॲपला धड टाइप करता येईना, आणि ऐकून हातानं लिहायचा मला कंटाळा.

मग फोन भरला, कुरकुरायला लागला. क्लाउडवर आहेच की, म्हणत मी ऐटीत सगळं पुसलं. बासष्ट रेकॉर्डिंग. क्लाउडवर काय होतं? काही नव्हतं. ती सोय मी कधी चालूच केलेली नव्हती.

तेव्हाच सांगता आलं असतं, नाही का? अण्णांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पुन्हा बोलायला बसले असते. पण मी पडलो बादशहा! पंधरा दिवसांत चाळीस पानं लिहून काढली — स्वतःच्या डोक्यातून. वावरांना नावं दिली. विहिरीत म्हैस पाडली, दोरखंड लावून वर काढली. त्यांच्या बायकोच्या तोंडी एक ओवी घातली. थापा मारण्यात आपला हात कोण धरणार?

ॲपनं ते वाचून दाखवलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. ओवीपाशी त्यांनी हात वर केला.

"थांबीव. ही कवा गायची? तिला तर गळाच नव्हता."

अजूनही वेळ गेलेली नव्हती — खरंच नव्हती.

"तुम्हीच सांगितलंय, अण्णा. सांगताना रडला होतात."

हे रडणं कशाला जोडलं मी? सवय. थाप हलू नये म्हणून वरून आणखी एक खिळा.

त्यांनी हात खाली घेतला. मग हसले. "आसंल बाबा. डोळं गेलं, आता डोस्कं बी चाललं."

मी म्हणालो, वय झालं की व्हायचंच असं.

हो — असं म्हणालो मी.

लेकीनं सांगवीहून येऊन त्या पानांत जुने फोटो घातले, प्रती काढल्या, भाऊबंदांत वाटल्या. त्यांनी फोटो पाहिले. वाचलं कुणीच नाही. पूर्वी जुन्या गावाचं नुसतं नाव काढलं की अण्णा तासभर थांबायचे नाहीत. आता बिल्डिंगमधलं कुणी विचारलं तर तोंडच उघडत नाहीत. चुकंल म्हणतात. हात चाचपडत माझा खांदा शोधतात.

"ह्याला इचारा. माझ्यापरीस ह्याच्या ध्यानात हाय."

आणि मी सांगतो.