नुसते हात हलवा

सर दिवसा चष्म्याच्या काचा घासायचे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जेंबे शिकवायचे. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला ढोल, गुडघ्यांत धरून नुसत्या हातांनी वाजवायचा. तरुणपणी गोदीत काम करताना तिकडून आलेल्या एका वेल्डरने तो त्यांना शिकवला होता. त्याने बजावलं होतं, "नवीन माणसाला आधी कासा दे. शेतात राबणाऱ्यांसाठी वाजवतात तो. दमलेल्या हातांनाही पेलतो."

बारा वर्षं सरांनी हे पाळलं. त्या वर्षी मात्र वाचनालयाच्या कार्यक्रमात वर्गाला दहा मिनिटं मिळाली आणि त्यांना लोकांचे डोळे दिपवायची हौस आली. नवशिक्यांच्या वर्गाला त्यांनी सोली दिला. हा ताल असा सुसाट, की जाणत्याचीही दमछाक व्हावी.

सात जण धापा टाकत का होईना, पोचले. मागे पडल्या त्या टेलिफोनवाल्या बाई. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेलेल्या, आता निवृत्त. बोटं आखडलेली, पण वर्ग एकदाही चुकवला नाही. घरी उशीवर सराव करायच्या. तरी त्यांचा हात नेमका एक ठोका उशिरा पडायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे सरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, असं करा, तुम्ही नुसते हात हलवा. कातड्याला लावू नका. लांबून कोणाला कळत नाही."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

कार्यक्रम झकास झाला. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बाईंची नात उभी राहून टाळ्या पिटत होती. तिच्याकडे लक्ष गेलं आणि सरांनी नजर वळवली.

पुढच्या वर्गाला बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत.

"त्या बाई का येत नाहीत हो?" बायकोने विचारलं.

"बोटं दुखत असतील."

"मग फोन करून विचारा की."

सरांनी फोन केला नाही. त्या आठवड्यात दुकानात त्यांच्या हातून दोन काचा वाकड्या घासल्या गेल्या. शनिवारी ते बाईंचा पत्ता शोधत निघाले. तीन जिने चढून गेल्यावर दार उघडंच दिसलं.

बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. कोपऱ्यात जेंबेवर टॉवेल घातलेला होता.

"माझं चुकलं," सर उभ्याउभ्याच म्हणाले. "ताल निवडला तिथेच चुकलं. तुमच्या हातांचा विचारच केला नाही मी. वर तुम्हालाच गप्प केलं."

"बसा," बाई म्हणाल्या. एक शेंग सोलून म्हणाल्या, "तुमचा राग नाही आला मला. पण घरी येताना पोरीने विचारलं, आजी, त्यात तुझा आवाज कुठला होता? मी म्हटलं, सगळ्यात मोठा. तेव्हापासून तो ढोल उघडावासा वाटत नाही."

"मी सांगतो तिला."

"सांगा."

नात आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. आठ-नऊ वर्षांची असेल. सरांनी खाली बसून अडखळत सगळं सांगितलं. तिने ब्रश ठेवला नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आजीचे हात लागतच नव्हते. मी बघत होते."

"मग तू एवढ्या टाळ्या का वाजवल्यास?"

"ती माझ्याकडे बघत होती म्हणून."

सर उठले. ते बाहेर आले. दारातून बाईंनी सगळं ऐकलं असावं. शेंगांचं ताट बाजूला सारून त्या पदराने डोळे टिपत होत्या. सरांनी विचारलं, "टॉवेल काढू?" बाईंनी मान डोलावली.

त्या दुपारी ते दोघं कासा वाजवत बसले, बाई जेंबेवर, सर आपल्या मांडीवर, अगदी सावकाश. बाईंचा ठोका तरी उशिराच पडत होता. या वेळी सर त्यासाठी थांबत होते. पण पडद्यामागचं ते "बरं" त्यांच्या कानातून जाईना, आणि प्रत्येक वेळी थांबताना त्यांची मान आपोआप खाली जात होती.