लेकीसाठी मागितलेली गोळी

मैत्रिणींनो, आज सुलतान बाजारात औषधाच्या दुकानात गेले होते. जर्मनीतल्या माझ्या लेकीची कंबर धरलीय. शेजारच्या ताई उद्या तिकडे चालल्यात, म्हणून मी माझ्या गुडघ्याचीच गोळी तिच्यासाठी जास्तीची मागितली.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, ये उधर नक्को भेजो. लिवर खराब करती बोलके उधर बंद है."

"मग मला कशी देता हो?"

"इधर चलती, अम्मा," म्हणत त्याने हसत माझी स्ट्रिप पुढे सरकवली.

घरी येऊन लेकीला फोन केला, तर ती वैतागलेली. "आई, इथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. झोप लागते का, घरी मदतीला कोण, मन कसं आहे. आणि दिली काय, तर साधी तापाची गोळी!"

"बालाजीची कृपा म्हण, कुणी विचारलं तरी," मी म्हटलं.

मग देवापुढे दिवा लावून बसले. गोळी समोरच आहे. घ्यावी की नको, कुणाला विचारू? मागितली की लगेच मिळते खरी, पण हे गेल्यापासून मला "कुठं दुखतंय?" असं कुणी विचारलेलं नाही.

तुम्हाला विचारतं का गं कुणी?