माझ्यासंगं खाली कोन उतरतंय

"हात काढ. बाटवतोस व्हय त्याला?"

अण्णा वरनं वरडला. मी खड्ड्यात उभा. माझा हात मयताच्या खांद्याला. काठावर सगळी भावकी, आष्ट्याची, कराडची पाव्हनी. सगळी माझ्याकडं बघाय लागली.

अण्णा ह्या मळ्याचा मालक. त्याच्या घरात मानूस जाळत न्हाईत. आपल्याच मळ्यात खड्डा काढत्यात, एका अंगाला कोनाडा कोरत्यात आनि मयताला त्यात मांडी घालून बसवत्यात. खड्डा काढायचं काम आमच्या घरान्याचं. बाप काढायचा, आता मी. माती काढायची, वर यायचं, लांब बांधावर जाऊन बसायचं. मग ते उतरनार, भस्म लावनार, बेल वाहनार. मयताला आमी शिवायचं न्हाई. ही रीत.

त्या दिवशी अण्णाचा पुतन्या गेला होता. माझ्याच वयाचा. अंगानं उंच, कोनाडा आखूड पडला म्हनून मलाच परत खाली बोलावलं. मी वरची माती तासतोय तवर खाली टेकवून बसवलेलं मयत कलंडलं. मी धरलं. कलंडनारं मानूस कुनीबी धरंल. त्यात काय इचार करायचा असतो व्हय? आनि हा मानूस आष्ट्याच्या स्टँडवर माझ्या खांद्यावर हात टाकून च्या प्यायचा. गड्या म्हनायचा मला.

मी हात काढला. तवर मला हात काढून घ्यायलाच शिकवलं होतं. त्यांनी माझा हात लागलेल्या जागी पानी शिंपडलं, मग भस्म लावलं. मी बांधावर बसून बघत होतो. लय लाज वाटली. राग नंतर आला, पन आला तो गेलाच न्हाई.

पुढं त्या पुतन्याच्या बायकोनं तक्रार केली. अण्णा म्हनायचा, छातीत कळ येऊन गेला. ती म्हनायची, जमिनीच्या वाटनीवरनं सकाळी भांडान हुतंय आनि दुपारी धडधाकट मानूस मरतंय, हे कसं? त्याला काय खायला घातलं ते बघा. म्हनून प्रेत उकरायचा हुकूम आला. तहसीलदार आलं, डॉक्टर आलं, पोलीस आलं. आनि उकरायला बोलावलं कुनाला? मलाच.

मी माती काढली. वास सुटला तशी भावकी नाकाला रुमाल लावून बांधापतुर मागं सरकली. डॉक्टरला हातमोजं, मास्क, सगळं. मी मागितलं तर हवालदारानं दारूची बाटली पुढं केली. म्हनला, ही घे, मार दोन घोट आनि काढ भाईर त्याला.

मी पीत न्हाई. बाप प्यायचा. त्याला असल्या कामाला बोलावलं की आधी बाटली द्यायचे, मग खोरं. घरी आला की आई शिव्या द्यायची, आमी भावंडं त्याला दारूडा म्हनायचो. त्या बाटलीकडं बघताना मला कळलं, माझ्या बापाला दारूडा कुनी केला. डोस्कंच फिरलं माझं.

खोरं टाकलं आनि इचारलं, अंगाला हात कुनी लावायचा? अण्णा रुमालातनंच म्हनला, "तूच लाव. तुला सवय हाय."

"आवं अण्णा, पुरताना माझ्या हातानं बाटत होता. आता न्हाई बाटत व्हय?"

मग मी सांगून टाकलं. मला मोजं द्या, मास्क द्या, आनि घरचं एक मानूस माझ्यासंगं खाली उतरू द्या. एक खांदा त्यानं धरायचा, एक मी. न्हाईतर बसतो हितंच. तहसीलदार म्हनलं, सरकारी कामात अडथळा आनतोस, आत टाकीन. म्हनलं, टाका. अण्णा म्हनला, जादा पैसं पायजे असत्याल त्याला. काय बोलायचं असल्या मानसाला?

पन आतनं माझी पार वढातान चालली होती. मी हटून बसलो तर काठावर बसलेल्या त्याच्या बायकोचं काय? तिचा नवरा उकरला न्हाई तर खरंखोटं कायमचं मातीत जानार. अण्णाला तेच पायजे होतं.

तेवढ्यात तीच उठली. पदर खवला, डॉक्टरकडनं दोन जोड मोजं मागून घेतलं, एक मला दिला आनि खड्ड्यात उतरली. तिला कुनी अडवलं न्हाई. अडवायला जवळ यावं लागलं असतं.

"भाऊ, कसं धरू सांगा."

दोघांनी त्याला वर दिला. खाली काय बघितलं ते मी सांगनार न्हाई. ते तिचं हाय.

डॉक्टरनं पायजे ते काढून घेतलं, परत पुरलं. आनि रिपोर्ट? अजून न्हाई. इचारायला गेलं की म्हनत्यात, येईल. ती माहेरी कोरेगावला गेली. तिथनं मला फोन करती, भाऊ, काय कळलं का? मी काय सांगू तिला, कपाळ?

परवा अण्णाची आई गेली. अण्णानं जेसीबी सांगितला, पन मळ्यात ऊस उभा, मशीन आत जाईना. मग स्वतः आला माझ्या दारात. म्हनला, झालं गेलं सोड, म्हातारी कवाधरनं बसून हाय.

मी म्हनलं, "येतो की. पन खड्ड्यात दोघं उतरू. म्हातारीला एकीकडनं तुमी धरा, एकीकडनं मी."

अण्णा तसाच मागं फिरला.

दुपारी त्यांनी तोडीला आलेला ऊस आडवा करून मशीन आत घातलं. मी रस्त्यावरनं बघितलं. स्वतःचा ऊस तुडवला, पन माझ्यासंगं खाली उतरला न्हाई गडी.

तुडवा म्हनावं. मी आमच्या सगळ्या घरांत सांगून ठेवलंय, आपल्यातलं कुनी जायाचं न्हाई. जो माझ्यासंगं उतरंल त्याचा खड्डा मी काढीन, त्याच्या मयताला हात लावीन. न्हाईतर आपलं मानूस आपल्या हातानं पुरावं, आनि उकरायची येळ आली तर आपल्याच हातानं उकरावं.