पोर माझ्याकडं द्या

"मानूस नेतो, पेटी नेत नाय," असं म्हणून जव्हारचे जीपवाले मामा जीपच्या टपावर थाप मारायचे. मग कोणी कितीही विनवलं तरी त्यांचं उत्तर बदलायचं नाही.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीला हा प्रकार आमच्या आश्रमशाळेच्या फाटकाशी व्हायचा. जव्हार-मोखाडा रस्त्यावर तुम्ही जीपने गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल, की नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं, चार कोंबड्या आणि तांदळाचं पोतं आरामात मावतं. मामांच्या जीपमध्येही मावायचं. फक्त वसतिगृहातल्या मुलींच्या पत्र्याच्या पेट्यांना तिथे जागा नसायची.

मला वाटायचं, म्हातारा हटवादी आहे. एकदा मी त्यांना तसं बोललोही. तर म्हणाले, "गुरुजी, आदी पेट्या नेत होतो तवा पेटी घेऊन गेलेली कोनती पोरगी परत आनली मी? तुमीच सांगा."

मी आठवून पाहिलं. एकही नव्हती. भात झोडून झालं की आमच्याकडची निम्मी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. त्याला इथे जगायला जाणं म्हणतात. आईबाप जगायला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी लागते. ज्या घरात हे आधीच ठरलेलं असे, तिथली मुलगी सुट्टीला जाताना पेटीसकट जायची. हजेरीपट आमच्या हातात, पण गळणारी मुलगी कोणती, हे चौथी शिकलेल्या जीपवाल्याला आमच्याआधी कळत होतं. याची लाज मला पुष्कळ उशिरा वाटली.

पेटी मागे राहिली की आईबापांना ती न्यायला तरी शाळेत यावं लागतं आणि आले की त्यांच्याशी बोलता येतं, असा मामांचा साधा हिशोब होता. तो बरीच वर्षं चालला.

मग एका वर्षी तो चुकला. दहावीत माझी एक विद्यार्थिनी होती, मोखाड्याच्या वरच्या एका पाड्यावरची. गणितात मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. सुट्टीला ती पेटी न घेता गेली, म्हणून मामा निश्चिंत आणि मीही निश्चिंत. सुट्टी संपली, बाकीच्या आल्या, ही आली नाही. आज येईल, उद्या येईल करत मी आठवडा घालवला. तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही हवी होती, फोटो हवा होता आणि मुदतीचे चारच दिवस उरले होते.

मामा वर्गाच्या दाराशी आले, चपला काढून. आत डोकावून त्यांनी तिची जागा पाहिली. तिच्या बापाला यांचा नियम पाठ होता. जीपपाशी हुज्जत नको म्हणून त्याने मुलीला पेटी मुद्दाम शाळेतच ठेवायला लावली होती. हे मामांना पाड्यावर चौकशी केल्यावर कळलं.

"मी पेटीवर नजर ठेवली गुरुजी, पोरीवर नाय ठेवली," ते म्हणाले. एवढा खजील झालेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. मग म्हणाले, "उद्या रविवार हाय. चला."

भट्टी भिवंडीच्या अलीकडे होती. नवराबायको चिखलाच्या विटा पाडत होते आणि मुलगी झोपडीपुढे दीड-दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला पाहून तिने मान खाली घातली. बापाने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. मी मुलींच्या शिक्षणावर बोलायला लागलो. भाषण मला पाठच होतं, पंधरा ऑगस्टला करायचो. एक मुलगी शिकली की घर कसं शिकतं वगैरे वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटी तिची आई म्हणाली, "शिकू नको असा कोन बोलतो गुरुजी? पन ह्याला कोन बघल? गेल्या साली बाजूच्या झोपडीतला पोर रांगत निखाऱ्यात गेला."

भाषण तिथेच संपलं. मी हातातल्या फॉर्मची घडी घालत बसलो.

मामा इतका वेळ त्या पोराला जीपची किल्ली वाजवून दाखवत होते. तशीच वाजवत त्यांनी मान वर केली. "पोर माझ्याकडं द्या," ते म्हणाले. "जव्हारला. तुमी येईपर्यंत. पोरीला गुरुजींकडं द्या."

मग आईने हात धुतले आणि म्हणाली, मी घर बघून येते. ती आमच्याबरोबर जीपमध्ये बसून जव्हारला आली, दोन दिवस मामांच्या घरी राहिली, मामीच्या चुलीपाशी बसून पोराला खाताना पाहिलं आणि मगच परत गेली. सोमवारी मुलीने फॉर्मवर सही केली. त्याआधी मी ती तिला कोऱ्या कागदावर दोनदा करायला लावली.

मामी मात्र नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. न विचारता दुसऱ्याचं लेकरू घरात आणल्यावर कोणती बाई बोलेल? पोराला नाचणीची पेज वेळेवर मिळत होती, मामांना जेवण वाढताना ताट आदळत होतं. पुढे पोर मामांबरोबर फेऱ्याही करायला लागलं. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने त्याला मांडीवर घ्यायचं, हा जीपचा नवा नियम झाला. एकदा एका साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर त्याने आपला कार्यभाग उरकला. मामा गंभीरपणे म्हणाले, "साहेब, बहीन दहावीला हाय त्याची."

ती पास झाली. निकाल कळला तेव्हा मामा जीपच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी टक्के विचारले नाहीत, अकरावीला कुठे घालायची ते विचारलं.

त्यानंतर पेटीचा नियम मामांनी स्वतःच सोडून दिला. दिवाळी झाली की जगायला निघालेल्या आया त्यांच्या दारी यायला लागल्या. एका वर्षी दोन पोरं, एका वर्षी तीन. मी सभांमधून ही गोष्ट सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी त्या माझ्याच असल्यासारख्या घ्यायचो.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. मला फार एकटं वाटलं, अजून वाटतं.

यंदा दिवाळीनंतर मी मामीला भेटायला गेलो तर अंगणात तीन बाया बसलेल्या. दोघींची पोरं मामीने आधीच आत नेली होती. तिसरी दाभोसा गावची होती. तिची थोरली आमच्याच शाळेत नववीला, आणि धाकटी, सव्वा वर्षाची, मांडीवर होती. मामी उंबऱ्यात आली. म्हणाली, "गुरुजी, आता मला दोनच झेपतात." ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ती बाईही माझ्याकडे बघायला लागली. सांगायला भाषण होतं, भरायला फॉर्म होते. घरी बायकोला विचारलेलं नव्हतं.

मी हात पुढे केले. बाईने मला एकदा नीट न्याहाळलं. आधी तुमचं घर दाखवा, म्हणाली. मी म्हटलं, चला. उठता उठता तिने मुलीला माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, "बिचकली का कोनाचातरी कान धरते. धरू द्या."

भर बाजारातून आम्ही निघालो. ओळखीचे लोक थांबून बघत होते. घर येईपर्यंत तिने माझा कान सोडला नाही.