तिसरा बाण

गायकवाड मॅडम संगणकाच्या खोलीचं कुलूप लगेच उघडत नसत. आधी मुलांना व्हरांड्यात बसवून खडूनं फरशीवर चौकोन काढायच्या. प्रत्येक चौकोनात एक प्रश्न आणि त्यातून निघणारे दोन बाण. उत्तर बरोबर आलं तर एका बाणानं पुढच्या प्रश्नाकडे जायचं, चुकलं तर दुसऱ्यानं मागे. मुलं त्या बाणांवरून चालायची. प्रश्नांचा खेळ संगणकात घालायचा तर त्याची वाट अशी आखून घ्यावी लागते म्हणे. "आधी पायानं चाला, मग बोटानं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. माझी स्वतःची शाळा चौथीतच सुटली. व्हरांडा झाडताना मी त्यांच्या रेघा तेवढ्या सोडून झाडायचे.

एक दिवस त्यांनी मलाच चौकोनात उभं केलं. "नवख्या माणसाकडून खेळ चालवून बघावा. सांगा मावशी, राळेगणसिद्धी कोणत्या तालुक्यात? राहुरी की पारनेर?"

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. तरी सगळी पोरं बघतायत म्हटल्यावर माझं तोंडच उघडेना.

"मॅडम, मावशीला कुठं धाडायचं?" सातवीतली पूजा ओरडली. "बरोबर बी न्हाई, चूक बी न्हाई. आमच्या म्हशीवानी हुभीच हाय!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून त्या चौकोनातून तिसरा बाण काढला आणि वळवून त्याच चौकोनात आणला. "चूक मावशींची नाही, आपल्या आखणीची आहे. गप्प बसणाऱ्याला चूक धरायचं नाही. त्याला परत विचारायचं."

परत विचारल्यावर मी "पारनेर" म्हणाले.

दिवाळीनंतर शाळा समितीची बैठक झाली. मॅडम मानधनावर होत्या, आणि फरशीवर खडू घासायला पोरं धाडतो का आमी, असं काही पालकांचं म्हणणं होतं. मी चहा देत होते. अध्यक्षांनी मलाच विचारलं, "मावशे, तू रोज बघतीस. या शिकवत्यात का नुसतं खेळवत्यात?"

मला उत्तर माहीत होतं. पण माझं कामही दरवर्षी त्यांच्याच सहीनं पुढे चालू राहायचं. मी ट्रे धरून खाली बघत राहिले.

"बघा, हिलाबी काय सांगता येईना," ते म्हणाले. तिथं मला परत कुणी विचारलं नाही. मॅडमचं काम थांबलं.

शेवटच्या दिवशी त्या खिचडीच्या खोलीच्या दारात आल्या. "मावशी, मी नुसती खेळवतच होते का हो?"

खिचडी शिजून झाली होती, तरी मी ढवळत राहिले. त्या थोडा वेळ थांबल्या. मग "बरं, येते" म्हणून गेल्या.

खेळ पोरांनी पुरा केला. परवा पूजानं मला ओढून संगणकासमोर बसवलं. पारनेरचाच प्रश्न आला. मी काही दाबलं नाही. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं आली : 'घाई नाही. परत विचारू?'

"दाब की गं मावशे," पूजा म्हणाली. "मॅडमनी तुझ्यासाठीच ठिवलंय ते."

"गॅसवर ठेवलंय," असं म्हणून मी उठले. गॅसवर काहीच नव्हतं.