सुपारीच्या काट्यावर

माझ्या लग्नाला सात वर्षे झाली तेव्हा माझे वजन एकशे ब्याण्णव पौंड होते आणि मला मूल नव्हते. या वाक्यातल्या ‘आणि’च्या जागी आमचे सारे दिवेआगर ‘म्हणून’ घालून बोलत असे. सासूबाईंकडे त्यासाठी वाडीतला दाखलाच होता. खतपाणी अधिक झालेले झाड नुसते पाल्यावर जाते, फळ धरत नाही. अशा झाडाला त्या ‘माजलंय’ म्हणत. बोट नारळीकडे असे, नजर माझ्याकडे. यजमान इतके किडकिडीत, की सदरा दांडीवर वाळतो आहे की त्यांच्या अंगावर आहे, हे लांबून कळत नसे. त्यांना मात्र कोणी कोणत्याच झाडाचा दाखला दिला नाही.

मूल मला हवे होतेच. परंतु सात वर्षांच्या नवसांनंतर आणि शेणाच्या चवीच्या काढ्यांनंतर मला त्याहूनही एक गोष्ट अधिक हवी झाली होती, ती म्हणजे उत्तर. दोष माझ्यात असेल तर कोणीतरी शहाण्या माणसाने तो पाहून मला सांगावा. अंदाजाने सांगणाऱ्यांची आमच्याकडे वाण नव्हती.

म्हणून त्या वैशाखात आम्ही दोघे दोन खाड्या आणि दोन एस.टी. ओलांडून अलिबागला एका डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात फिनेलचा आणि ओल्या काथ्याच्या पायपुसण्याचा वास होता. परिचारिकेने मला लोखंडी यंत्रावर उभे केले. तळव्यांना त्याचा गारवा लागला तेवढाच त्या दुपारचा सुखाचा क्षण. तिने आकडा मोठ्याने वाचला. डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

“बाई, आधी बावीस पौंड उतरवा. एकशे सत्तर झालात की या, मग तपासू.”

“पण आधी पाहून तरी घ्या,” मी म्हणाले.

“इतक्या चरबीतून काय दिसणार?”

“मग निदान घसा पाहा. महिनाभर खोकला आहे.”

“वजन उतरलं की खोकलाही जाईल.”

पावसाळ्यात खाड्या ओलांडणाऱ्या होड्यांची तर बंद होई, दरमहा येणे अशक्य. तेव्हा गावीच वजन करून आकडा पत्राने कळवावा, असे ठरले. सोबत पथ्याचा कागद मिळाला. भात नाही, तूप नाही, ओला नारळ नाही. दिवेआगरात राहणाऱ्या बाईला नारळ वर्ज्य करणे म्हणजे माशाला पाणी बेताने प्यायला सांगणे. मी दुधी खाल्ला, पडवळ खाल्ले, पुन्हा दुधी खाल्ला. उपाशी माणसाचे नाक किती तीक्ष्ण होते, हे मला त्या दिवसांत समजले. सासूबाई स्वयंपाकघरात नारळ खवू लागल्या की तो गोडसर, दुधट वास मागच्या अंगणापर्यंत मला शोधत येई. तिसऱ्या घरी फणसाच्या आठळ्या भाजल्या, तर त्या किती भाजल्या गेल्या तेही मला कळे.

आता गावात माणसाचे वजन करायचे कोठे? माणसे जन्मत, वाढत आणि मरत, पण त्यांना तोलण्याची गरज कोणाला पडली नव्हती. मला पेलील असा एकच काटा होता, सुपारीच्या वखारीतला. तुळईला टांगलेली लोखंडी दांडी, तिच्या दोन टोकांना साखळ्यांनी लोंबणारी दोन फळ्यांची पारडी. एकात गोणी, दुसऱ्यात वजने. तेथे तीस वर्षे तोलण्याचेच काम करणारा एक म्हातारा होता. वाळलेल्या सोललेल्या सुपारीसारखाच तपकिरी आणि टणक. यजमानांनी त्याला सगळे समजावून सांगितले आणि ते ओशाळून बाहेर जाऊन उभे राहिले.

“बसा वैनीबाय,” म्हातारा म्हणाला. “पाय वर घ्या. साकळीला हात लावू नका, काटा खोटं बोलंल.”

“लोक बघतायत हो.”

“बघूं द्या. हितं गोणी बसते तवा ती लाजते काय?”

मी मांडी घालून बसले. फळीला सुपारीच्या सालाचा तुरट वास होता. समोरच्या पारड्यात वजने पडू लागली आणि मी तसूतसूने वर उचलली जाऊ लागले. म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे पहिल्या वजनाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हटले, मग दोन, तीन, चार. काटा स्थिरावला तसा त्याने डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटले आणि खणखणीत आवाजात सांगितले, “एकशे पंच्याऐंशी रत्तल!”

रत्तल म्हणजेच पौंड. पंधरा दिवसांत सात पौंड! मी पारड्यातून उतरले ती जवळजवळ उडी मारून, आणि त्या उडीने वखारीतली जमीन हादरली याकडे मी दुर्लक्ष केले.

आषाढात एकशे ऐंशी. श्रावणात एकशे चौऱ्याहत्तर. भाद्रपदात, गौरी जाऊन चार दिवस झाले असता, एकशे अडुसष्ट. मी चारही चिठ्ठ्या डॉक्टरांना धाडल्या. माझ्या पोलक्याला मात्र ही बातमी पोचलेली नव्हती. ते पूर्वीइतकेच काचत होते. मी दोष धुलाईला दिला, पावसाळी हवेला दिला. शेजारीण माझा गाल चिमटीत धरून म्हणाली, “बसले गो गाल तुझे!” सासूबाईंनीही एकदा मला नखशिखांत न्याहाळले आणि म्हटले, “पाठीमागून तरी काही कळत नाही.” परंतु आकडा आकडा असतो. हवा असलेला आकडा मिळाल्यावर त्याची उलटतपासणी करण्याइतकी मी सत्यनिष्ठ नव्हते.

आश्विनात खाड्या निवळल्या आणि आम्ही पुन्हा अलिबागला गेलो. डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडून परिचारिकेला दाखवल्या. “पाहा, याला म्हणतात निश्चय.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तपासले. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी आत हवा सोडायची होती. मी छताकडे पाहत पडले होते. ओटीपोटात कळ आली, मोठी, गोल, फुगत जाणारी. आणि मग अगदी अनपेक्षित ठिकाणी, उजव्या खांद्याच्या टोकावर, सुरी टेकवल्यासारखे दुखू लागले.

“कुठे दुखतंय?” डॉक्टरांनी विचारले.

“खांद्यात. मूर्खासारखं वाटतं सांगायला, पण खांद्यात.”

“उत्तम!” ते आनंदाने ओरडलेच. “हवा पार गेली. म्हणजे रस्ता मोकळा आहे.”

सात वर्षे मी ज्या उत्तरासाठी थांबले होते, ते खांद्यात ठणकत आले. इतकी देखणी वेदना मला त्याआधी झाली नव्हती, नंतरही झाली नाही. मी तो खांदा दुसऱ्या हाताने झाकून धरला, ती लवकर जाऊ नये म्हणून.

मग परिचारिकेने कागद पुरा करायचा म्हणून मला यंत्रावर उभे केले. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, वाकून यंत्राच्या खाली पाहिले.

“एकशे सत्त्याऐंशी, डॉक्टर.”

“असं कसं होईल? या चिठ्ठ्या कोणी दिल्या? कुठल्या काट्यावर केलंत वजन?”

“सुपारीच्या,” मी म्हणाले.

कोपऱ्यात इतका वेळ टोपी चुरगाळत बसलेले यजमान एकदम ताठ झाले. सुपारी हा त्यांचा जन्माचा विषय. “ओल कापली त्यानं!” ते म्हणाले.

“कसली ओल?”

“पावसाळ्यात सुपारी ओल धरते. म्हणून वखारवाले तोलाला दर शंभरी सूट कापतात. ज्येष्ठात दोन, आषाढात पाच, भाद्रपदात दहा. शिवाय गोणीचे दोन रत्तल वेगळेच. दर पावसाळ्यात त्या म्हाताऱ्याशी भांडतो हो मी! डोळे मिटून पुटपुटतो ना, तेव्हा तो कापत असतो.”

“म्हणजे त्याने तुमच्या बायकोतून गोणी वजा केली?”

“आणि पावसाळा,” यजमान म्हणाले.

परिचारिका तोंडाला पदर लावून बाहेर गेली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या गोळा करून बाजूला सारल्या. पाच महिन्यांच्या दुधीचे फळ पाच पौंड होते. मी म्हणाले, “चरबीतून दिसलं की पण.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावतील असे वाटले होते, पण माणूस प्रामाणिक होता. “दिसलं,” ते म्हणाले. “वैशाखातही दिसलं असतं.” आणि मग सात वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिले.

यजमानांच्या तपासणीचे वर्णन मी करणार नाही. केवळ इतकेच सांगते, की एक काचेची बाटली हाती घेऊन ते ज्या पावलांनी बंद दाराआड गेले, त्या पावलांनी माणसे फासावर जातात. दुपारी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले. बीज फार थोडे होते आणि जे होते तेही दुबळे. इंजेक्शने देऊन पाहता येईल, पण आशा बेताची. परतीच्या एस.टी.त यजमान तिकिटांच्या घड्या घालत होते. मला हसू येत होते, रडूही येत होते. मी खिडकीतून सरकणारी मिठागरे पाहत दोन्ही दाबून धरले. त्यांना अजून आईला सामोरे जायचे होते, आणि ते मला त्यांच्यासाठी करता येणार नव्हते.

सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. यजमानांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“हिच्यात काही नाही, आई. दोष माझ्यात आहे.”

त्यांचा हात थांबला. मग हातातला वाल वाटीत टाकून त्या म्हणाल्या, “बरं. पण हे बाहेर बोलायचं नाही हो.”

“हिचं बोललीस ना बाहेर? सात वर्षं?”

त्यानंतर चार दिवस सासूबाई घरात कोणाशीच बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी शेजारीण ताक मागायला आली आणि सवयीने मला विचारू लागली, “काय गो, उतरलं का काही?”

“तिच्या वजनाचं काय घेऊन बसल्येस?” सासूबाई रवी न थांबवता म्हणाल्या. “ती चांगली आहे. डॉक्टरांनी पाहिलंय तिला.”

पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. शेवटी त्या आई होत्या. शेजारीण जरा घोटाळली. मला पाहिले, तर चांगली. मग राहिले कोण, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिला. मी तिच्या भांड्यात ताक ओतले, काठोकाठ.

मूल आम्हांला पुढेही झाले नाही.