दिलेली विधाने सत्य माना

तर्कक्षमतेच्या त्या जुन्या पुस्तकाला अजून काकवीचा वास येतो. हातकणंगल्याच्या घरी, पुढच्या सोप्यात बसून विधी प्रवेश परीक्षेचे प्रश्न मी सोडवत असे आणि दादा घड्याळ घेऊन समोर बसे. एका संध्याकाळी काकवीची वाटी पुढे सरकवत तो म्हणाला, "दोन मिनिटं वाचीवलीस की, वकीलबाई!"

"माझा परीक्षेचा फॉर्म भरलास ना?" मी विचारले.

"भरलाय की. किती इचारशील?"

पुस्तकात प्रत्येक प्रश्नावर सूचना असे: दिलेली विधाने सत्य माना. मी मानले. परीक्षा आली, प्रवेशपत्र आले नाही. त्याने फॉर्म भरलाच नव्हता. "बीएस्सी झालीस, बास की. पावणं तुला बघाय येणार हाईत," तो म्हणाला.

प्रयोगशाळेत प्रत्येक मोजमाप तीनदा तपासणाऱ्या मी दादाचे एक वाक्य तपासले नाही. मला परीक्षेला बसूच द्यायचे नव्हते, तर तो इतक्या निष्ठेने माझी मिनिटे का मोजत होता, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.